माइनक्राफ्ट विकीचं स्टाइल गाइड: इंदूरच्या आमच्या टोळीने वापरून बघितलं, त्याचा रिव्ह्यू

गेमचे रिव्ह्यू भरपूर जण लिहितात, मी आज एका पेजचा लिहितोय. माइनक्राफ्ट या गेमच्या विकीवर (सगळ्यांनी मिळून लिहायचा ऑनलाइन ज्ञानकोश) स्टाइल गाइड नावाचं एक पेज आहे, म्हणजे विकीवर लेख कसा लिहायचा, काय टाकायचं, काय टाकायचं नाही, हेडिंग कसं द्यायचं याचे नियम, आणि ते मला इतकं आवडलंय की ज्यांच्या घरी माइनक्राफ्ट खेळणारी पोरं आहेत त्या मराठी मंडळींना ते नीट समजावून सांगावं असं मनापासून वाटलं. फुकट आहे, लॉगिन न करता वाचता येतं, आणि पाच-सहा जणांनी मिळून एकाच विषयावर लिहायचं असेल तर अगदी कामाचं आहे, मग तो विषय गेम असो नाहीतर दुसरं काही.

रिव्ह्यू कोण लिहितंय ते आधी सांगतो. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहतो, प्रूफं वाचायचं काम करतो, हिंदी-मराठी दोन्ही, लग्नपत्रिका, स्मरणिका, शाळांची वार्षिकं असलं सगळं येतं. माझा भाचा आणि त्याचे मित्र मिळून माइनक्राफ्टमध्ये राजवाडा बांधताहेत, आपला इंदूरचा होळकरांचा राजवाडा, आणि कुठल्या मजल्याला कुठला ब्लॉक लावला, खजिना कुठे ठेवला, कुठल्या बाजूला रेडस्टोनचं, म्हणजे गेममधल्या विजेवर चालणारं, दार आहे हे सगळं लक्षात राहावं म्हणून त्यांनी एका शेअर केलेल्या डॉक्युमेंटमध्ये मराठीत स्वतःचा छोटा विकी चालू केलाय. सहा पोरं लिहिणारी, सहा तऱ्हा. त्यात भांडणं व्हायला लागली तेव्हा मी म्हटलं अरे ज्यांनी हे मोठ्या प्रमाणावर केलंय त्यांचे नियम वाचू की. तिथून हे सुरू झालं.

थोडी पार्श्वभूमी, पटकन. माइनक्राफ्ट लोकांच्या हातात आला मे २००९ मध्ये आणि विकी त्याच वर्षी जुलैत उघडला, म्हणजे दोघं जवळपास बरोबरीनेच वाढले. गेमची पहिली पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ ची, तोवर विकीवर ढीगभर लिहून झालेलं होतं. विकी लिहिणारे सगळे खेळाडूच, कंपनीचे पगारी लोक नाहीत. मधली बरीच वर्षं तो मोठ्या व्यावसायिक होस्टवर होता, आधी गेमपीडिया, मग गेमपीडिया फॅन्डमकडे गेलं त्यामुळे फॅन्डम, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या लिहिणाऱ्यांनी मिळून निर्णय घेतला आणि विकी स्वतःच्या वेगळ्या पत्त्यावर हलवला. मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली असल्यामुळे तो उचलून नेता येतो. रूनस्केप या गेमच्या विकीने हेच २०१८ मध्ये केलं होतं. हे इथे सांगायचं कारण एवढंच की एवढा मोठा संसार एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेला तरी लेखांचा चेहरा तोच राहिला, कारण नियम लिहिलेले होते आणि लोक ते पाळत होते.

आता मुख्य गोष्ट, माझ्या मते या गाइडची सगळ्यात मोठी ताकद. जे काही लिहाल ते कुठल्या एडिशनसाठी खरं आहे आणि कधीपासून खरं आहे, हे सांगितल्याशिवाय सोडायचं नाही. वाचायला साधं वाटतं पण यातच सगळं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, माइनक्राफ्ट दोन आहेत. जावा एडिशन फक्त कॉम्प्युटरवर चालते आणि बेडरॉक एडिशन मोबाइल, टॅब्लेट, एक्सबॉक्स, प्लेस्टेशन, स्विच, विंडोज सगळीकडे. दिसायला भाऊ-भाऊ पण आतून बराच फरक. आमच्याकडची बहुतेक पोरं मोबाइलवर खेळतात म्हणजे बेडरॉक, आणि व्हिडिओ बघतात ते बहुतेक जावावाले. आता बघा काय होतं, जावामध्ये २०१६ च्या १.९ अपडेटपासून तलवार मारल्यावर थोडं थांबावं लागतं, लगेच दुसरा वार केला तर जोर कमी पडतो. बेडरॉकमध्ये असं काही नाहीच, धडाधड मारा. रेडस्टोनचं तर विचारूच नका. जावामध्ये पिस्टनच्या (दुसरे ब्लॉक ढकलणारा ब्लॉक) वरच्या रिकाम्या जागेतून सुद्धा पिस्टनला करंट पोचतो, त्याला क्वासी-कनेक्टिव्हिटी म्हणतात, आणि बेडरॉकमध्ये ती नाही. म्हणजे व्हिडिओत बघून जशीच्या तशी मांडणी केली, एक ब्लॉक इकडचा तिकडे नाही, तरी दार उघडणार नाही, आणि मुलगा बिचारा तासभर शोधत बसणार की माझं चुकलं कुठे, आणि त्याचं काहीच चुकलेलं नसतं. विकीवर अशा वाक्याच्या शेपटीला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, फक्त जावा, किंवा फक्त बेडरॉक. हा नियम स्टाइल गाइडचा. एक बारीक शेपटी आणि एका पोराची संध्याकाळ वाचली.

आणि 'कधी' वालं तर त्याहून भारी. गाइड म्हणतं लेखाच्या मुख्य भागात फक्त आत्ता गेममध्ये जे आहे तेच ठेवा, जुनं झालं की तिथून काढा आणि खाली हिस्टरी नावाच्या सेक्शनमध्ये व्हर्जनसकट टाका. पुसून टाका म्हणत नाही, हलवा म्हणतं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे डायमंड. भाचा एकदा तणतणत आला, "मामा, किती खणलं रे मी, अकराव्या लेव्हलला डायमंड असतात म्हणून सांगतात सगळे, काहीच मिळून नाही राहिलं." तर झालंय असं की ३० नोव्हेंबर २०२१ ला १.१८ अपडेट आलं आणि जगाचा तळच खाली गेला, आधी शून्यावर होता तो उणे ६४ वर, आणि वरची हद्द ३२० वर. जुन्या जगात अकरा-बारा हीच खरी जागा होती. नव्यात जितकं खाली जाल तितके डायमंड जास्त, अगदी तळाला बेडरॉक नावाच्याच दगडाचा थर असतो (एडिशनशी संबंध नाही) त्याच्या जरा वर, उणे ५९ च्या आसपास सगळ्यात चांगलं, अकराला मिळतो पण फारच कमी. आता अकरा सांगणारा माणूस खोटं बोलत नव्हता, त्याच्या वेळी ते खरंच होतं. पण व्हिडिओ तिथेच राहतो, त्यावर कुणी तारीख बघत नाही. विकीच्या लेखात वरती नवीन आकडा, खाली हिस्टरीत जुना, कुठल्या व्हर्जनला बदलला ते शेजारी. मी भाच्याला दोन्ही जागा दाखवल्या आणि त्याला जे समजलं ते त्याने आमच्या डॉक्युमेंटमध्ये स्वतःहून लागू केलं, त्याबद्दल खाली सांगतो.

येणाऱ्या गोष्टींसाठी पण नियम आहे. अजून आलं नाही पण जाहीर झालंय किंवा टेस्टच्या व्हर्जनमध्ये दिसलंय, तर त्यावर 'येणार आहे' असा शिक्का मारूनच लिहायचं, मुख्य मजकुरात मिसळायचं नाही. कुणाला वाटेल एवढी काय घाई सांभाळायची, दोन महिन्यांत येईलच की. तर बंडल नावाची एक पिशवी आहे गेममध्ये, २०२० मध्ये जाहीर झाली, टेस्टमध्ये लोकांनी वापरूनही बघितली, आणि सगळ्यांना रीतसर मिळाली ऑक्टोबर २०२४ ला. चार वर्षं! शिक्का नसता तर चार वर्षं पोरं ती पिशवी शोधत बसली असती.

इथे एक गोष्ट मात्र घोळाची आहे आणि ती नवीन माणसाला कुणीतरी सांगायला हवी. विकीवर हिस्टरी दोन असतात. एक लेखाच्या आतली, गेममध्ये काय बदललं त्याची, आणि दुसरी पेजच्या वरच्या टॅबमधली, कुणी कधी काय एडिट केलं त्याची. आमच्या टोळीतल्या दोघांनी पहिल्या दिवशी याचीच गल्लत केली, एक जण एडिटची हिस्टरी उघडून त्यात डायमंड शोधत होता. दोन्ही कामाच्या आहेत, दोन्ही बघायला शिकवा.

आता भाषेकडे येतो, कारण माझं पोटच त्याच्यावर आहे.

मुख्य लेखांमध्ये वाचणाऱ्याला थेट 'तुम्ही' म्हणून बोलायचं नाही, 'खेळाडू' म्हणायचं, असा नियम आहे, आणि खेळाडू मुलगा आहे की मुलगी हे गृहीत धरायचं नाही. सुरुवातीला पोरांना हे फार रुक्ष वाटलं. त्यांनी क्रीपरवर (गेममधला जवळ येऊन फुटणारा राक्षस) लिहिलेलं वाक्य होतं, "क्रीपर दिसला की पळा, लय डेंजर आहे, फुटतोच!" आता यात उत्साह आहे, मला ते आवडलंच, पण माहिती किती आहे? विकीच्या पद्धतीने तेच लिहायला बसवलं तर झालं असं, "खेळाडू तीन ब्लॉकच्या आत आला की क्रीपर फुसफुसायला लागतो आणि दीड सेकंदाने फुटतो, खेळाडू पुरेसा लांब गेला तर थांबतो, मांजरापासून लांब पळतो." बघा ना, 'पळा' म्हणता येत नाही म्हटल्यावर का पळायचं, किती पळायचं, किती वेळ आहे हे सगळं लिहावंच लागलं. सल्ला बाजूला ठेवला की आकडे बाहेर येतात. आणि त्या आकड्यांवरून वाचणारा स्वतः ठरवतो, कुणी पळेल, कुणी मांजर पाळेल, कुणी दीड सेकंदात दोन वार करून मागे सरकेल. या नियमासाठी मी गाइडला पैकीच्या पैकी देतो. युक्त्या, डावपेच, घर कसं बांधायचं वगैरे लिहायला ट्युटोरियलची वेगळी जागा ठेवलीच आहे, त्यामुळे सल्ले द्यायची हौस कुणाची मारली जात नाही.

वाक्य आटोपशीर ठेवा असंही सांगितलंय. मी इतकी वर्षं स्मरणिका वाचतोय, 'आपणा सर्वांना विदितच आहे की' ने सुरू होणारे लेख दर गणपतीला येतात, त्यामुळे आटोपशीरपणाबद्दल लेखी नियम बघून मला जो आनंद झाला तो प्रूफ वाचणाऱ्यालाच समजेल. इंदूरला ही शिस्त परकी नाहीये बरं का. १९४७ मध्ये इथे सुरू झालेल्या नईदुनिया दैनिकाचं नाव त्याच्या हिंदीमुळे देशभर झालं, आणि ती हिंदी घडवणारे संपादक राहुल बारपुते मराठी घरातले. एका शब्दाचं एकच रूप ठरवायचं आणि सगळ्यांनी तेच वापरायचं, ही छापखान्यातली सवय आणि विकीची सवय यात मला काही फरक दिसत नाही, फक्त तिकडे पगार होता आणि इकडे पोरं फुकट करताहेत.

मोठ्या-छोट्या अक्षरांचे नियम लांबलचक आहेत, क्रीपर, डायमंड असल्या साध्या वस्तू-प्राण्यांना वाक्याच्या मध्ये कॅपिटल नाही, नेदरसारख्या जागेला आहे, गेमचं नाव तिरप्या अक्षरात, हेडिंगमध्ये फक्त पहिलं अक्षर मोठं. देवनागरीत लिहिणाऱ्याने हे सरळ सोडून द्यावं. लेखाचं नाव एकवचनात ठेवायचं हा भाग मात्र घ्या, 'दारं' असं पेज आणि 'दार' असं दुसरं पेज अशी दोन पानं आमच्याकडे झाली होती.

ट्रिव्हियाबद्दल, म्हणजे किरकोळ गमतीच्या माहितीबद्दल, गाइड चांगलंच कडक आहे आणि मला ते पटतं. ट्रिव्हिया म्हणजे पोह्यांवरचा जिरावन मसाला, वरून चिमूटभर, पोहेच त्याचे करायला गेलात तर खाणार कोण. जी गोष्ट लेखात दुसरीकडे बसते ती तिकडे टाका, उरलेली खरोखर वेगळी असेल तरच ट्रिव्हियात. अफवांना तिथेही जागा नाही. हेरोब्राइनचंच घ्या. पांढऱ्या डोळ्यांचा एक माणूस धुक्यात दिसतो अशी गोष्ट २०१० मध्ये पसरली, आजही आठवी-नववीतली पोरं शपथेवर सांगतात की मला दिसला. विकी काय करतो तर त्याच्यावर लेख ठेवतो, गोष्ट कशी सुरू झाली ते लिहितो आणि स्पष्ट सांगतो की गेममध्ये तो कधीच नव्हता, गेम बनवणारे मोजांगवाले अपडेटच्या यादीत 'हेरोब्राइनला काढलं' असं लिहायचे ती त्यांची गंमत. आमच्या टोळीत एकाचं म्हणणं होतं की असली गोष्ट विकीवर ठेवूच नये, दुसऱ्याचं की ठेवावी पण 'काही लोकांना दिसतो' असं लिहावं. मला विकीचा मार्ग दोघांपेक्षा बरा वाटतो. लोक शोधत येणारच आहेत, त्यांना दार बंद दिसलं तर ते दुसरीकडे जाऊन खोटं वाचतील, आणि 'काही लोकांना दिसतो' हे तर सगळ्यात वाईट, कारण त्यात कुणी खोटं बोललं नाही असं दिसतं आणि वाचणारा खोटं घेऊनच जातो.

बग लेखात लिहीत बसू नका, त्यासाठी अधिकृत बग ट्रॅकर आहे तिकडे नोंदवा, हा नियम पण छान. बग आज असतो उद्या नसतो.

इतर गेमांच्या विकींशी तुलना करायचीच तर मी जे नेहमी बघतो त्यांच्याबद्दल सांगतो. एल्डर स्क्रोल्स या गेम-मालिकेचा यूईएसपी हा साइट म्हणून १९९५ पासूनचा, म्हणजे विकिपीडियाच्याही आधीचा, आणि त्याने एका बाबतीत माइनक्राफ्टपेक्षा सरस काम केलंय. प्रत्येक गेमचा कप्पा वेगळा, स्कायरिमचा वेगळा, ऑब्लिव्हियनचा वेगळा, आणि त्या जगाच्या पुराणकथांचा, इतिहासाचा कप्पा सगळ्यांपासून वेगळा. म्हणजे एकाच शहरावर तीन पेज असू शकतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर. स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेमचा विकी लहान आणि अधिकृत आहे, तिथे तक्ते फार सुंदर. पार्सनिपचं बी २० ला, चार दिवसांत तयार, साधं पीक विकलं तर ३५, फ्लॉवरचं बी ८० ला, बारा दिवस, १७५. माळव्यातल्या माणसाला शेतीचा तक्ता कसा असावा ते वेगळं सांगायला नको, आणि हा तसाच आहे, एका नजरेत हिशोब लागतो. पण लिहिण्याचे नियम 'का' सोडून 'काय' च्या रूपात सगळ्यात खोलवर जाऊन मांडलेत ते माइनक्राफ्टनेच.

आणि हा 'का' सोडलाय तिथेच माझी नाराजी आहे. गाइडमध्ये हे करा, ते करू नका असं भरपूर आहे, कारण मात्र थोड्याच ठिकाणी दिलंय. 'तुम्ही' का नको याचं जे उत्तर मला क्रीपरच्या वाक्यावरून सापडलं ते तिथे दोन ओळींत लिहिलं असतं तर बारा वर्षांच्या मुलाने नियम चिडून नाही, समजून पाळला असता. आधीचं वाक्य आणि सुधारलेलं वाक्य अशा जोड्याही अजून हव्या होत्या. शिवाय पेज लांब आहे, टेम्प्लेट (तयार साचे), इन्फोबॉक्स (लेखाच्या कडेची माहितीची चौकट), लेखातल्या सेक्शनचा क्रम, इमेजचे नियम असं सगळं एकाखाली एक येतं, आणि मोबाइलवर अंगठ्याने सरकवत सरकवत नवीन मुलगा टेम्प्लेटपर्यंत पोचला की पेज बंद करतो. आमच्याकडची मुलं इंग्लिश मीडियमची असली तरी घरी मराठी, गल्लीत हिंदी, त्यांना नियमांची इंग्लिश जड जाते, गेमची जात नाही. हे मोठ्या माणसाने शेजारी बसून वाचून दाखवायचं पेज आहे, असंच मी म्हणेन.

आता राजवाडा. पोरांना खरं तर आपला राजवाडा मोठ्या विकीवर टाकायचा होता, पण कुणाच्या सर्व्हरवर, कुणी बांधलेल्या इमारतीवर तिथे मुख्य लेख होत नाहीत, विषय गेमचा हवा. वाईट वाटलं त्यांना, तरी नियम बरोबर आहे, नाहीतर जगातल्या प्रत्येक घराचं पेज झालं असतं. मग आमच्याच डॉक्युमेंटमध्ये आम्ही गाइडमधलं जे झेपलं ते घेतलं.

भाच्याने राजवाड्यावर लिहिलेलं पहिलं पान वाचून मला कळेना की हा कुठल्या राजवाड्याबद्दल बोलतोय. "राजवाडा सात मजली आहे, खालचे तीन दगडाचे, वरचे चार लाकडाचे, दुसऱ्या मजल्यावर चेस्ट आहे, मल्हारराव होळकरांनी बांधायला घेतला, १९८४ ला जळला, छतावरून क्रीपर पडतात." सगळी वाक्यं आपापल्या जागी खरी, फक्त दोन राजवाडे एकात मिसळलेले. खरा सात मजली आहे, यांचा अजून पाचच झालाय. मग यूईएसपीचा कप्प्यांचा धडा आणि माइनक्राफ्टवाल्यांचा हिस्टरीचा धडा एकत्र केला. वरती फक्त आपल्या वर्ल्डमधला राजवाडा, आज जसा आहे तसा, किती मजले, खाली स्टोन ब्रिक, वर डार्क ओक आणि स्प्रूस. त्याखाली हिस्टरी, कुठला मजला कधी बांधला, कुणी पाडून परत बांधला. खऱ्या राजवाड्याचं सगळ्यात खाली, वेगळ्या हेडिंगखाली. आणि अजून न झालेल्या दोन मजल्यांवर शिक्का, 'येणार आहे'.

हे करताना एक गोष्ट झाली जी मला फार महत्त्वाची वाटते. टोळीतल्या सगळ्यात लहान मुलीने, ती सहावीत आहे, विचारलं, "दादाने केलेली भिंत मी पाडून नवीन केली तर वरती माझं नाव येईल का?" तर विकीच्या पद्धतीत लेखाच्या अंगात कुणाचंच नाव येत नाही, काम एडिटच्या हिस्टरीत दिसतं. तिला ते आधी आवडलं नाही. मग तिला डॉक्युमेंटची व्हर्जन हिस्टरी उघडून दाखवली, प्रत्येक बदलापुढे नाव आणि वेळ, तिचं नाव भरपूर वेळा, दादाचं कमी. तेव्हापासून वरच्या मजकुरावरची भांडणं बंद आहेत, 'मी लिहिलं तू का खोडलं' ऐवजी 'खोडलंस तर कारण लिही' असं चालतं, ती विकीवरच्या एडिट समरीची, म्हणजे बदल थोडक्यात लिहून ठेवायची, सवय. कारण लिहायचं नसेल तर खोडायचं नाही, हा त्यांनी स्वतः बनवलेला नियम, आणि तो मोठ्या गाइडमधल्या अर्ध्या नियमांपेक्षा चांगल्या मराठीत लिहिलाय.

स्क्रीनशॉट गेमच्या साध्या रूपातलेच लावा, टेक्श्चर पॅक, शेडर लावून सजवलेले नको, हे मात्र पोरांना अजून पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं शेडर लावला की राजवाडा संध्याकाळच्या उन्हात खऱ्यासारखा दिसतो, आणि दिसतोही. मी एवढंच सांगितलं की कुठला ब्लॉक लावलाय ते ज्या फोटोत ओळखू येईल तो वर, सुंदरवाला खाली गॅलरीत. तडजोड चालू आहे.

ज्यांना वापरून बघायचंय त्यांनी स्टाइल गाइड वरपासून खालपर्यंत एका बैठकीत वाचायला घेऊ नका. आधी डायमंड किंवा क्रीपरचा लेख मुलाबरोबर उघडा, त्यातला हिस्टरी सेक्शन आणि जावा-बेडरॉकच्या शेपट्या दाखवा, आणि मग गाइडमधला लेखाच्या मजकुराचा भाग तेवढा वाचा. टेम्प्लेट आणि इन्फोबॉक्सचं पहिलं एडिट करायची वेळ येईल तेव्हा बघा, तेही आधी सँडबॉक्स नावाच्या सरावाच्या पानावर.